इल्लीगल म्हणजे चोरीचं नव्हे

ताईचा फोन आला तेव्हा ती खरंच घाबरली होती. "अरे, हा कुठून तरी चोरीचं सॉफ्टवेअर घेऊन आलाय. कॉम्प्युटरच इल्लीगल म्हणतोय!" सांगलीच्या गावभागातलं तिचं घर, २०१९ च्या पुरात माडीवर नेला म्हणून वाचलेला कोअर टू ड्युओ कॉम्प्युटर, २ जीबी रॅम. भाचा बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला, विषय गणित. मित्राच्या नव्या लॅपटॉपवर कंपाइल केलेलं, म्हणजे यंत्राच्या भाषेत उतरवलेलं, सेज हे गणिताचं सॉफ्टवेअर त्याने पेनड्राइव्हवरून आणलं. लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम दोन्हीकडे एकच. तरी सुरू करताच पडद्यावर एक ओळ आली, 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन, कोअर डम्प्ड', आणि सगळं बंद.

चोरीचा इथे संबंधच नाही. सेज २००५ साली विल्यम स्टाइन यांनी सुरू केलं. त्याच्या पोटात मॅक्सिमा, पारी, गॅप अशी कितीतरी गणिती सॉफ्टवेअर आहेत. सगळ्यांचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामचा मूळ मजकूर, सर्वांना खुला, आणि कॉपी करून वाटायची रीतसर मुभा. मग 'इल्लीगल' कशाला म्हणायचं? हे उत्तर मला फार आवडतं, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

सोर्स कोड माणसाला वाचता येतो. कंपाइल झाल्यावर उरतात ते बाइट, म्हणजे ० ते २५५ मधले आकडे. प्रोसेसर ते ओळीने उचलतो आणि अर्थ लावतो: हा आकडा आला तर बेरीज कर, तो आला तर मेमरीतून वाच. अशी प्रत्येक आज्ञा म्हणजे एक सूचना, इंग्रजीत इन्स्ट्रक्शन. कोणत्या आकड्याचा अर्थ काय, हे चिप बनते तेव्हाच ठरलेलं असतं.

२०११ च्या जानेवारीत बाजारात आलेल्या इंटेलच्या प्रोसेसरांमध्ये एव्हीएक्स नावाच्या सूचना होत्या. त्यांची रजिस्टरं, म्हणजे प्रोसेसरच्या आत आकडे ठेवायचे कप्पे, २५६ बिट रुंद. एका अपूर्णांकी संख्येला ६४ बिट धरले तर चार बेरजा एका फटक्यात होतात. आधीच्या एसएसई२ मध्ये रुंदी १२८ बिट, म्हणजे दोनच. मोठमोठ्या मॅट्रिक्सचे गुणाकार करणाऱ्याला हे घबाडच. पण नव्या सूचनांना आकडे आणायचे कुठून? २५६ जागा तर कधीच भरत आल्या होत्या.

१६ बिटांच्या जमान्यापासून १९६ आणि १९७ हे दोन आकडे मेमरीच्या सेगमेंटचा पत्ता उचलणाऱ्या सूचनांकडे होते. ६४ बिट पद्धत आली तेव्हा त्या सूचना तिथून काढून टाकल्या आणि जागा मोकळ्या झाल्या. एव्हीएक्सने नेमक्या त्याच घेतल्या. ३२ बिट पद्धतीत मात्र त्या जुन्या सूचना जिवंत होत्या, तिथली युक्ती तर अप्रतिम आहे. जुन्या सूचनेत पुढच्या बाइटचे वरचे दोन बिट कधीच ११ (एक-एक) नसत, कारण ११ म्हणजे 'मेमरी नाही, रजिस्टर', आणि या सूचनेला रजिस्टर चालतच नसे. म्हणून एव्हीएक्सने काही बिट मुद्दाम उलटे लिहिले, जेणेकरून ३२ बिटमध्ये तिथे नेहमी ११ च येईल. एका निषिद्ध कोपऱ्यात आख्खी नवी भाषा वसवली!

ताईच्या कॉम्प्युटरातला प्रोसेसर एव्हीएक्सच्या आधीचा. ६४ बिटमध्ये त्याला १९७ दिसला की तो अडतो आणि ६ नंबरचा अपवाद, म्हणजे अडल्याचा इशारा, उठवतो. लिनक्सचा कर्नल, म्हणजे त्याचा गाभा, तो पकडून त्या प्रोग्रामला ४ नंबरचा सिग्नल पाठवतो, आणि प्रोग्राम संपतो. 'इल्लीगल'चा अर्थ एवढाच, की ही सूचना माझ्या यादीत नाही. मित्राने कंपाइल करताना 'याच मशीनवर जास्तीत जास्त वेगाने चालेल असं कर' हा पर्याय ठेवला होता आणि कंपायलरने आज्ञा पाळली.

तोवर भाच्याने तीनदा इन्स्टॉल करून पाहिलं होतं. दुकानदाराने रॅम वाढवायला सांगितली. रॅम कितीही वाढवली तरी १९७ चा अर्थ प्रोसेसरला कळणार नाही. डेस्कटॉपवर माउसने पाच-सहा वेळा 'रिफ्रेश' केल्याने कॉम्प्युटर हलका होतो, ही आपल्याकडची समजूतही याच जातीची. त्याने फक्त आयकॉनांची यादी नव्याने वाचली जाते. विधी करण्यापेक्षा यंत्राला विचारावं: टर्मिनलमध्ये 'एलएससीपीयू' ही आज्ञा दिली की प्रोसेसर कोणत्या सूचना जाणतो त्याची यादीच मिळते. आमच्या यादीत एव्हीएक्स नव्हतं.

रविवारी मिरजेहून जाऊन मी डेबियन या लिनक्सच्या प्रकाराच्या सॉफ्टवेअर भांडारातून पारी आणि मॅक्सिमा घातलं. तिथल्या ६४ बिट फाइली सगळ्यांत जुन्या ६४ बिट प्रोसेसरलाही समजतील अशाच बनवतात. एसएसई२ तर अशा प्रत्येक प्रोसेसरात असतंच. पूर्ण सेज हवं असेल तर मित्राने 'फॅट बायनरी'चा पर्याय लावून पुन्हा कंपाइल करावं. तेव्हा मोठमोठ्या आकड्यांचं गणित करणाऱ्या जीएमपीसारख्या लायब्ररी सुरू होतानाच प्रोसेसरला विचारतात, तुला काय येतं, आणि तेवढाच कोड वापरतात. २ जीबीवर स्वतः कंपाइल करणं जमतं, पण एका वेळी एकच काम चालू ठेवायचं, स्वॅप, म्हणजे रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा, वाढवायची आणि रात्र-रात्र वाट पाहायची.

चाचणी म्हणून पारीला २ चा ६७ वा घात वजा १ ही संख्या अवयव पाडायला दिली. फ्रेंच गणिती मर्सेन यांनी १६४४ मध्ये ही मूळ संख्या असल्याचं लिहिलं होतं. ती मूळ नाही हे ल्युकास यांनी १८७६ मध्ये दाखवलं, पण अवयव सापडले १९०३ मध्ये, कोल यांना. त्यासाठी तीन वर्षांचे रविवार गेले असं सांगतात. भाच्याने एंटर दाबलं आणि पाठोपाठ १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७ हे दोन आकडे पडद्यावर उतरले.

"मामा, आता १०१ वा घात टाकू?" एवढं म्हणून त्याने टाकलासुद्धा.