पेक्स पाइप

पॉलिथिलीनच्या लांबलचक रेणूसाखळ्या आडव्या बंधांनी एकमेकींना बांधून, म्हणजे क्रॉसलिंक करून बनवलेला लवचिक पाइप. घरातलं थंड आणि गरम असं दोन्ही पाणी नळापर्यंत न्यायला वापरतात, आणि थंड देशांत फरशीखालून गरम पाणी फिरवून खोल्या उबदार ठेवायलाही हाच लागतो. युरोप-अमेरिकेत नव्या घरांतून तांब्याला बऱ्याच अंशी यानेच बाजूला सारलं. आपल्याकडे गुंडाळीत मिळणारा काळा एचडीपीई पाइप (साध्या, क्रॉसलिंक न केलेल्या पॉलिथिलीनचा, भारतीय मानक आयएस ४९८४) दिसायला तसाच, पण तो थंड पाण्याचा, ४५ अंश सेल्सिअसच्या पुढे चालत नाही, त्यामुळे 'एकच ते' म्हणून तो गीझरच्या लाइनला लावणं धोक्याचं.

उगम : पॉलिथिलीन १९३३ साली इंग्लंडमध्ये आयसीआय कंपनीच्या प्रयोगशाळेत गिब्सन आणि फॉसेट यांना जवळपास अपघातानेच सापडलं, त्याबद्दल वाद नाही. वाद आहे तो क्रॉसलिंकिंगचं श्रेय कुणाला यावर. पाइपवाल्यांच्या लेखनात सरसकट जर्मनीच्या थॉमस एंगेलचं नाव येतं, त्याने १९६० च्या दशकात पेरॉक्साइड नावाचं रसायन वापरून पॉलिथिलीन क्रॉसलिंक करायची पद्धत बसवली. पण १९५० च्या दशकाच्या सुरुवातीलाच इंग्लंडमध्ये हारवेल इथल्या अणुसंशोधन केंद्रात चार्ल्सबी यांनी अणुभट्टीतल्या किरणांच्या माऱ्याने पॉलिथिलीन क्रॉसलिंक होतं हे दाखवलं होतं, आणि पॉलिमरवाल्यांच्या ग्रंथांत तेच आधी येतं. दोन्ही बाजू बघता पदार्थाचं श्रेय चार्ल्सबींना आणि त्यापासून पाण्याचा पाइप बनवण्याचं एंगेलला, अशी वाटणी जास्त पटते. एंगेलची पद्धत घेऊन स्वीडनच्या विर्स्बो कंपनीने १९७२ च्या सुमारास उत्पादन सुरू केलं. अमेरिकेत तो साधारण १९८० च्या दशकात पोचला, आधी फरशी तापवायला आणि मग पिण्याच्या पाण्याला. कॅलिफोर्नियात तर पर्यावरणाच्या मुद्द्यावरून बरीच वर्षं अडला आणि २०१० च्या आसपास सुटला.

प्रकार : ए, बी आणि सी. ही अक्षरं बनवण्याच्या पद्धतीची आहेत, दर्जाची उतरंड नाही, तरी 'ए म्हणजे एक नंबर' असा समज पक्का बसलाय. ए मध्ये प्लास्टिक वितळलेलं असतानाच पेरॉक्साइडने बंध तयार होतात. बी मध्ये सिलेन हे रसायन मिसळून पाइप आधी काढतात आणि मग गरम पाण्यात किंवा वाफेत ठेवून बंध पुरे करतात. सी मध्ये तयार पाइपवर इलेक्ट्रॉनचा मारा करतात, म्हणजे चार्ल्सबींच्याच वाटेने. बंध किती झाले हे मोजायला पाइपचे बारीक काप उकळत्या झायलीनमध्ये (एक द्रावक) तासन्‌तास ठेवतात, न विरघळता उरतं ते वाळवून वजन करतात, आणि ते ए ला किमान ७०, बी ला ६५ आणि सी ला ६० टक्के भरावं लागतं. आता ए चा टक्का जास्त म्हणून तो आपोआप टिकाऊ असं धरून चालू नये, क्लोरीनच्या पाण्यात तग धरणं हे आत घातलेल्या अँटिऑक्सिडंटवरही (प्लास्टिकची झीज रोखणारं रसायन) तितकंच अवलंबून असतं. ए चा खरा फायदा म्हणजे तो जास्त मऊ असतो आणि मूळ आकारावर परततो. वाकवताना मोडला तर त्या जागी हॉट एअर गनने शेक द्यायचा, दुधट पाइप बघता बघता पारदर्शक होतो, घडी आपोआप उलगडते, आणि गार झाला की पुन्हा दुधट. बी मोडला की तेवढा तुकडा कापूनच टाकतात.

गुणधर्म : अमेरिकी मानकानुसार ८२ अंशाला साधारण ७ बार दाब सोसतो. आत पाणी गोठलं तर फुगतो आणि बहुतेक वेळा न फुटता परत बसतो, थंड देशांत याचं मोल फार. प्रसरण मात्र तांब्याच्या आठपट वगैरे, १० मीटरची लाइन ५० अंशांनी तापली तर सात सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त वाढते, म्हणून ती ताणून बसवत नाहीत. उन्हाने तो आतून संपतो, वरून काही दिसत नाही आणि नंतर तडे जातात.

जोडणी : सोल्व्हंटने, म्हणजे प्लास्टिक पाइप चिकटवायच्या द्रवाने, चिकटत नाही. पितळी फिटिंगवर पाइप सरकवून तांब्याची रिंग दाबतात, किंवा ए असेल तर पाइपचं तोंड रुंदावून फिटिंग आत घालतात आणि पाइप आवळून बसायची वाट बघतात. एका मॅनिफोल्डपासून (एका लाइनचे अनेक फाटे काढणारा जोड) प्रत्येक नळाला स्वतंत्र अखंड पाइप नेला तर भिंतीत सांधाच राहत नाही, आणि लवचिक पाइपचं खरं सार्थक याच पद्धतीत होतं असं आमचं मत. कारण घरं भिजली ती बहुतेक सांध्यांपायी. काही ठिकाणी जास्त जस्ताच्या पितळी फिटिंगमधलं जस्त झिजून गळती झाली.

पेक्सवरचा बराच संशय याच्या आधीच्या पॉलिब्युटिलीन या दुसऱ्या प्लास्टिकच्या पाइपमुळे आहे. १९७८ ते १९९५ च्या दरम्यान अमेरिकेत लाखो घरांत तो राखाडी पाइप बसला, क्लोरीनने पाइप आणि प्लास्टिकच्या फिटिंग दोन्ही ठिसूळ झाल्या, आणि १९९५ मध्ये घरमालकांच्या सामूहिक दाव्यात सुमारे ९५ कोटी डॉलरची तडजोड झाली. रसायन वेगळं आहे, तो दोष पेक्सवर चिकटवणं बरोबर नाही.

महाराष्ट्रात : घरातली लाइन मुख्यतः सीपीव्हीसीची (गरम पाणी सोसणारं पीव्हीसी), कारण सोल्व्हंट सगळ्या प्लंबरना जमतो आणि पेक्सची अवजारं वेगळी घ्यावी लागतात. मधे ॲल्युमिनियमचा थर असलेला कॉम्पोझिट पाइप (आयएस १५४५०) त्यातल्या त्यात जवळचा. इथे बसवायचाच तर गच्चीतल्या टाकीपासूनचा उघडा भाग उन्हापासून झाकायलाच हवा, सोलर हीटरला थेट जोडायचा नाही, पहिला अर्धा मीटर तरी धातूचा ठेवायचा, आणि उंदीर कुरतडतात ही तक्रार सगळीकडे आहे तेव्हा डक्टमध्ये जाळी बसवायची.

वापरून झालेला पेक्स वितळवून पुन्हा पाइप करता येत नाही, भरड करून भराव म्हणून किंवा जाळून ऊर्जेसाठी वापरतात.