चौथा दगड

केळी लावायची म्हणून रावेरकडच्या आमच्या शेतात नांगरट झाली आणि हद्दीचा एक दगड गायब झाला. "दगड कथा गया?" आबा दिवसभर तेच विचारत होते. बाकीचे तीन दगड जागेवर होते. शेताच्या समोरासमोरच्या बाजू समांतर आहेत, हे जुन्या नकाशावरून नक्की होतं. म्हणजे दहावीचंच गणित: समांतरभुज चौकोनाचे तीन शिरोबिंदू दिले आहेत, चौथा काढा.

विहिरीचा कोपरा शून्य धरला. तिथून पूर्वेला किती फूट, उत्तरेला किती फूट, असे दोन-दोन आकडे प्रत्येक दगडाला दिले. बांधाच्या क्रमाने अ (२०, १०), ब (२२०, ४०), क (२६०, १९०). हरवलेला ड.

अशा चौकोनाचे कर्ण एकमेकांना दुभागतात. म्हणून अ-क चा मध्य तोच ब-ड चा मध्य. मध्य काढताना दोन्हीकडे दोनाने भागायचं असतं, तो दोन उडाला की उरतं ड = अ + क − ब. पूर्वेकडे २० + २६० − २२० = ६०, उत्तरेकडे १० + १९० − ४० = १६०. झालं. वर्गमूळ काही नाही, अंतराचं सूत्रही नाही. क्षेत्र २८,८०० चौरस फूट, म्हणजे जवळपास साडेसव्वीस गुंठे.

पण खरी गंमत क्रमात आहे. दगडांचा क्रम माहीत नसता तर उत्तरं तीन आली असती! ड च्या समोरचा दगड ब ऐवजी अ धरला, तर ड जातो (४६०, २२०) वर, म्हणजे थेट शेजाऱ्याच्या केळीत. क धरला तर (−२०, −१४०), विहिरीच्याही दक्षिणेला, नाल्यात. या तिन्ही जागा जोडल्या तर एक मोठा त्रिकोण होतो आणि आपले तीन दगड नेमके त्याच्या बाजूंच्या मध्यावर बसतात. परीक्षेत हा प्रश्न क्रम न सांगता विचारतात, तेव्हा मुलं एक उत्तर लिहून मोकळी होतात.

नुसत्या बाजू मोजून भागत नाही, हे आपल्या भागाला नवं नाही. चाळीसगावजवळच्या पाटणला भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ काढल्याचा शिलालेख आहे. त्याच भास्कराचार्यांनी 'लीलावती'त बजावलंय की कर्ण किंवा लंब न सांगता चौकोनाचं क्षेत्रफळ विचारणारा पिशाच्च, आणि उत्तर देणारा त्याहून मोठा. चारही बाजू तेवढ्याच ठेवून चौकोन खाटेसारखा तिरका करता येतो. कर्ण ठरला की तो हलत नाही.

आबांना आकडे पटले नाहीत. मग अ पासून क पर्यंत दोरी ताणली, दुमडून तिचा मध्य काढला, तिथे खुंटी रोवली. ब पासून खुंटीपर्यंत जेवढं अंतर, तेवढंच सरळ पुढे गेलो. टेपने पाहिलं, तर जागा तीच. सरकारी मोजणीचा अर्ज दिलाय. तोवर तिथे बाभळीची मेख ठोकून ठेवली आहे.