सम (लिस्प)

सम (इंग्रजी some, म्हणजे ‘काही’) : ‘यादीतला एक तरी घटक अटीला उतरतो का?’ हे विचारण्यासाठी कॉमन लिस्प या संगणकभाषेत असलेले फंक्शन. जॉन मॅकार्थी यांनी १९५८ मध्ये एमआयटीत लिस्पचे काम सुरू केले. तिचे नाव ‘लिस्ट प्रोसेसिंग’वरून आले आहे आणि यादी हाच तिचा कणा आहे. या भाषेत ‘निल’ म्हणजे खोटे आणि ‘निल’ म्हणजेच रिकामी यादी. बाकी सगळे खरे.

सम दोन गोष्टी घेते, एक कसोटी आणि एक यादी. कसोटी घटकांना ओळीने लावली जाते आणि पहिले खरे उत्तर मिळताच काम थांबते. शेवटपर्यंत काहीच हाती लागले नाही, तर उत्तर निल येते.

विदर्भातल्या पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) वावरात हा प्रश्न रोजचाच आहे. गुलाबी बोंडअळीचे पतंग हेरण्यासाठी हेक्टरी ५ कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंग ओढणारे) लावतात. एका सापळ्यात सलग ३ रात्री दर रात्री ८ किंवा जास्त पतंग अडकले, की आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडली असे धरतात. सकाळी धुऱ्याने फिरून वहीत उतरवलेले आकडे ‘सापळे’ या नावाने असे मांडता येतील :

((३ ५ ९) (८ ११ १०) (२ ० ४) (६ ७ ९) (१ ० ०))

आतला एक कंस म्हणजे एक सापळा आणि त्याच्या मागच्या तीन रात्री. लिस्पमध्ये कंसात आधी फंक्शनचे नाव आणि मग त्याला द्यायच्या गोष्टी येतात; ‘लॅम्डा’ म्हणजे जागेवरच लिहिलेले बिननावाचे फंक्शन. प्रश्न असा लिहितात :

(सम (लॅम्डा (रात्री) (एव्हरी (लॅम्डा (न) (>= न ८)) रात्री)) सापळे)

‘असा एक तरी सापळा आहे का, की ज्याची प्रत्येक रात्र ८ किंवा त्याहून जास्त आहे?’ एव्हरी हे समचे जोडीदार फंक्शन, सगळे घटक अटीला उतरतात का ते पाहणारे. पहिल्या सापळ्याच्या पहिल्याच रात्री ३ दिसतात आणि एव्हरी तिथेच नकार देते. दुसरा सापळा तिन्ही रात्री उतरतो, म्हणून समचे उत्तर ‘टी’, म्हणजे खरे. तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या सापळ्याकडे ते पाहतही नाही. कोणता सापळा हे हवे असेल तर समच्या जागी पोझिशन-इफ लिहावे. मोजणी शून्यापासून होत असल्याने उत्तर १ येईल.

याच मांडणीत एक चूक दडलेली आहे आणि ती खरोखर नुकसान करू शकते. कालच लावलेल्या सापळ्याची नोंद रिकामी असेल, तर त्याची ओळ () अशी येते. रिकाम्या यादीवर एव्हरीचे उत्तर खरे असते, कारण अट मोडणारा एकही घटक तिथे नसतो. परिणामी एक पतंगही न पाहिलेला सापळा धोक्याचा इशारा देतो. एकाच रात्रीची (९) ही ओळही तशीच फसवते. अशा इशाऱ्यावर विनाकारण फवारणी झाली, तर पैसा आणि मित्रकीटक दोन्ही जातात. म्हणून आतली कसोटी (अँड (= (लेंग्थ रात्री) ३) (एव्हरी …)) अशी, म्हणजे आधी यादीची लांबी ३ आहे का ते पाहणारी हवी.

कसोटी वेगळी नसेल आणि घटकच खरे-खोटे असतील, तर नवशिका (अप्लाय #'ऑर यादी) लिहून पाहतो आणि चूक पदरात पडते. अप्लाय यादीतले घटक एखाद्या फंक्शनला आदाने म्हणून देते आणि #' ही खूण ‘या नावाचे फंक्शन’ असे सांगते. पण ऑर (‘किंवा’) हे फंक्शन नाही, मॅक्रो आहे, म्हणजे कोड चालण्याआधी दुसऱ्या कोडात बदलणारी रचना. फंक्शनला बोलावण्याआधी त्याच्या सगळ्या आदानांच्या किमती काढून होतात, पण ऑरला पहिल्या खऱ्या किमतीवर थांबायचे असते. म्हणून ते अप्लायच्या हाती देता येत नाही. योग्य रूप (सम #'आयडेंटिटी यादी). आयडेंटिटी घटक जसाच्या तसा परत करते. यादीपुढे ऑर चिकटवून ती इव्हॅलला (यादीलाच कोड समजून चालवणाऱ्या फंक्शनला) देण्याची युक्तीही दिसते. ती टाळावी, कारण घटकांची किंमत पुन्हा काढली जाते आणि यादीतले चिन्ह चल (व्हेरिएबल) समजले जाते.

सी ही संगणकभाषा शिकून आलेल्यांना आणखी एक ठेच लागते. सीमध्ये शून्य खोटे, लिस्पमध्ये खरे. पतंगच न अडकलेल्या सापळ्यावर (सम #'आयडेंटिटी '(० ० ०)) विचारले तर उत्तर ० येते, आणि ते ‘होय’ धरले जाते. आकड्यांच्या यादीला म्हणून नेहमी स्पष्ट कसोटी द्यावी : (सम #'प्लसपी रात्री), म्हणजे ‘एक तरी आकडा शून्याच्या वर आहे का?’

सम कसोटीची किंमत परत करते, घटक नव्हे. घटक हवा असल्यास फाइंड-इफ वापरतात, पण सापडलेला घटकच निल असेल तर ‘सापडला’ आणि ‘नाही सापडला’ यांत फरक उरत नाही. समला एकाहून अधिक याद्याही देता येतात. (सम #'< काल आज) हे कालच्यापेक्षा आज एखाद्या सापळ्यात पतंग वाढले का ते सांगते आणि सर्वांत आखूड यादी संपताच थांबते. नॉटएनी आणि नॉटएव्हरी ही अनुक्रमे सम आणि एव्हरीची नकाररूपे.

लिस्पच्या इतर बोलींत नावे वेगळी आहेत : स्कीममध्ये एसआरएफआय-१ या फंक्शनांच्या संग्रहात याला ‘एनी’ म्हणतात, रॅकेटमध्ये ‘ऑरमॅप’, ईमॅक्स लिस्पमध्ये ‘सीक्यू-सम’. क्लोजरमध्ये नाव समच आहे. स्कीममध्ये रिकामी यादी खरी मानतात, क्लोजरमध्येही तसेच. त्यामुळे कॉमन लिस्पमधला कोड तिकडे नेताना रिकाम्या ओळी आधी तपासाव्या लागतात.

डोमकळ्यांचा (अळी शिरल्याने न उमललेल्या फुलांचा) हिशेब मात्र समने होत नाही. १० टक्के फुले किडलेली आहेत का, हे पाहायला तपासलेले प्रत्येक फूल मोजावेच लागते, आणि तिथे काउंट-इफ लागते.