कॅल्शियम रिअ‍ॅक्टर बसवताना: आमच्या रीफ टाकीधारक ग्राहकांसाठी

अ‍ॅक्रोपोरा, मॉन्टिपोरासारखे कठीण प्रवाळ पाण्यातून रोज कॅल्शियम आणि कार्बोनेट ओढून घेतात आणि त्यातून आपला सांगाडा बांधतात. ही रोजची तूट भरून काढणे हे रिअ‍ॅक्टरचे काम. टाकीत फक्त मऊ प्रवाळ आणि मशरूम असतील तर तो घेऊ नका, नियमित पाणीबदल पुरतो. शंभर-सव्वाशे लिटरच्या टाकीला डोसिंग पंप (ठरल्या मापाने द्रावण सोडणारा पंप) आणि कॅल्शियम व कार्बोनेटची दोन द्रावणे स्वस्तात पडतात. भरगच्च, वाढत्या प्रवाळाची मोठी टाकी असेल तरच पुढचे वाचा.

आधी पाणी जागेवर आणा

रिअ‍ॅक्टरच्या बंद नळकांड्यात अ‍ॅरागोनाइटचे (कॅल्शियम कार्बोनेटचा एक प्रकार) खडे भरलेले असतात. त्यातल्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड सोडला की पीएच उतरतो आणि खडे हळूहळू विरघळतात. प्रवाळाचा सांगाडाही अ‍ॅरागोनाइटचाच, त्यामुळे प्रवाळ ज्या प्रमाणात उचलतो जवळपास त्याच प्रमाणात परत मिळते: अल्कलिनिटी (पाण्यातल्या कार्बोनेटचे माप, एकक डीकेएच) १ डीकेएच वाढली की कॅल्शियम सुमारे ७ पीपीएम (दशलक्षात ७ भाग) वाढते.

म्हणून बिघडलेले प्रमाण रिअ‍ॅक्टर सुधारत नाही. कॅल्शियम ३४० आणि अल्कलिनिटी ९ अशा टाकीला तो जोडला, तर कॅल्शियम ४२० वर नेईपर्यंत अल्कलिनिटी २० च्या घरात जाईल. आधी हाताने डोस देऊन कॅल्शियम ४२० पीपीएम, अल्कलिनिटी ८ डीकेएच, मॅग्नेशियम १३०० पीपीएम आणि खारेपणा ३५ पीपीटीच्या (हजारात ३५ भाग) आसपास आणा. जोडणी त्यानंतर.

तुमच्या टाकीला किती लागते?

दोन-तीन दिवस डोस थांबवा आणि रोज ठरावीक वेळी अल्कलिनिटी मोजा. ती ७ च्या खाली जाऊ लागली तर तिथेच थांबा. समजा ३०० लिटरची टाकी आहे आणि दिवसाला १ डीकेएच उतरते. रिअ‍ॅक्टरमधून बाहेर पडणारे पाणी २८ डीकेएचचे आणि टाकीतले ८ चे, म्हणजे दर लिटरमागे २० ची भर. रोजची गरज ३०० लिटर गुणिले १ म्हणजे ३००, तिला २० ने भागा: दिवसाला १५ लिटर, मिनिटाला साधारण १० मिली. हा आकडा काढल्याशिवाय कोणी यंत्राचा आकार सुचवला तर घाई करू नका.

जोडणी आणि पहिले दिवस

खडे आरओच्या पाण्याने धुऊन भरा. पाणी पुरवायला पेरिस्टाल्टिक पंप (नळी दाबत ठरावीक पाणी पुढे ढकलणारा) घ्या. साधा व्हॉल्व्ह कचऱ्याने तुंबतो आणि प्रवाह रोज बदलतो, म्हणून इथे पैसे वाचवू नका असे आम्ही आग्रहाने सांगतो. पीएच प्रोब (पीएच मोजणारी कांडी) ७ आणि ४ च्या बफरने, म्हणजे ठरावीक पीएचच्या द्रावणांनी, कॅलिब्रेट करा. आधी नुसते पाणी फिरवा, सांध्यांना साबणाचे पाणी लावून गळती पाहा, बाहेर येणारे गढूळ पाणी टाकून द्या. मगच गॅस सुरू करा, तोही मिनिटाला १०-१५ बुडबुड्यांनी.

आतला पीएच सुरुवातीला ६.७ वर धरा. बाहेरच्या पाण्याची अल्कलिनिटी कमी भरली तर ६.५ पर्यंत या. ६.३ च्या खाली खड्यांचा लगदा होऊ लागतो आणि पाण्याचा मार्गच बंद होतो. गॅस आणि प्रवाह एकाच दिवशी बदलू नका, कशाने काय झाले ते कळत नाही. टाकीची अल्कलिनिटी दिवसाला अर्ध्या डीकेएचपेक्षा जास्त हलू लागली तर हात आवरा. प्रवाळाला थोडी कमी पातळी चालते, रोजचे चढउतार चालत नाहीत.

बाहेर येणाऱ्या पाण्यात उरलेला गॅस असतो, त्याने टाकीचा पीएच उतरतो. ते पाणी सम्पमध्ये (टाकीखालच्या गाळणीच्या टाकीत) स्किमरच्या (फेस करून घाण काढणाऱ्या यंत्राच्या) तोंडाजवळ सोडा. पावसाळ्यात खिडक्या बंद असल्या किंवा एसी सतत चालू असला की खोलीतला कार्बन डायऑक्साइडही वाढतो. पहाटे पीएच ७.८ च्या खाली दिसला तर रिअ‍ॅक्टरला दोष देण्याआधी खिडकी उघडून पाहा.

गॅस आणि वीज

सिलिंडर उभाच ठेवा, साखळीने बांधा, उन्हापासून आणि बंद कपाटापासून दूर. आडवा पडला तर द्रव गॅस रेग्युलेटरमध्ये शिरतो. बंद जागेत साठलेला हा गॅस माणसाच्या जिवावर बेततो. वीज गेल्यावर आपोआप बंद होणारा सोलेनॉइडच (विजेवर चालणारा गॅसचा व्हॉल्व्ह) वापरा. पाण्याचा पंप थांबला आणि गॅस चालू राहिला तर आतला पीएच कोसळतो, म्हणून गॅस पीएच कंट्रोलरवरच चालवा.

खडे कुठून आणायचे

किनाऱ्यावर सापडलेले प्रवाळाचे तुकडे रिअ‍ॅक्टरसाठी आणू नका, मालवणचे असोत वा अंदमानचे. रीफ बांधणारे प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, आणि मेलेले प्रवाळ उचलणेही गुन्हा ठरतो. मीडिया (रिअ‍ॅक्टरमध्ये भरायचे खडे) पावतीसह विकत घ्या आणि टाकीतल्या जिवंत प्रवाळाची कागदपत्रेही जपून ठेवा. नवा मीडिया वापरताना बाहेर येणाऱ्या पाण्यातले फॉस्फेट एकदा तपासा, काही मीडियातून ते उतरते. खडे निम्मे झाले की भर घाला. त्यानंतर आठवडाभर अल्कलिनिटी रोज मोजा आणि ते आकडे वहीत लिहून ठेवा. आम्हाला फोन कराल तेव्हा आम्ही आधी तेच विचारू.