‘ड्रायव्हर नाहीये’ म्हणतो तेव्हा नेमकं काय नसतं? लिनक्सवरच्या वायफायची पार्श्वभूमी

डेस्कटॉपवर लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम टाकली आणि वायफाय दिसेना, की पणजी असो नाहीतर डिचोली, पहिलं वाक्य ठरलेलं असतं, ‘ड्रायव्हर नाहीये’. बऱ्याच वेळा ड्रायव्हर, म्हणजे हार्डवेअर चालवणारा प्रोग्राम, कर्नलमधे (लिनक्सच्या गाभ्यात) आधीच बसलेला असतो, नसतं ते फर्मवेअर, म्हणजे वायफायच्या चिपच्या आत चालणारा प्रोग्राम. हा घोळ आजचा नाही आणि लोकांच्या अडाणीपणाचा तर मुळीच नाही.

८०२.११बी हे वायफायचं मानक आलं १९९९ मधे, पण आपल्या देशात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा बिनपरवाना वापरायला मोकळा झाला २००५ साली, त्यामुळे घराघरातली वायफायची गोष्ट तिथनंच सुरू होते. त्या काळात बाजारात ब्रॉडकॉम या अमेरिकन कंपनीच्या चिप्स बऱ्याच होत्या आणि त्या कंपनीने लिनक्ससाठी कागदपत्रं दिलीच नव्हती. मग काय करायचं, तर एनडीआयएसरॅपर नावाचं टूल. कार्डाच्या विंडोज एक्सपी ड्रायव्हरमधल्या आयएनएफ आणि एसवायएस फाइली काढायच्या आणि त्या लिनक्सच्या आत चालवायच्या, आणि सिस्टिम ६४ बिटची असली तर एक्सपीचाही ६४ बिटवालाच ड्रायव्हर हवा, तो शोधण्यात अख्खा रविवार जायचा.

दुसरीकडे काही लोकांनी फार चिकाटीचं काम केलं. एका गटाने कंपनीचा राउटरमधला ड्रायव्हर उलगडून त्याचं नुसतं वर्णन लिहिलं, आणि दुसऱ्या गटाने मूळ कोड न बघता त्या वर्णनावरून नवा ड्रायव्हर लिहिला. तो २००६ मधे कर्नलच्या २.६.१७ या आवृत्तीत आला, २००८ च्या सुरुवातीला २.६.२४ मधे त्याच्या जागी बी४३ नावाचा ड्रायव्हर आला. तरीपण वायफाय चालेना! कारण त्या चिपमधे तिचा स्वतःचा छोटा प्रोसेसर असतो आणि त्याचा प्रोग्राम कायमचा चिपवर ठेवायला लागणारी मेमरी कंपनीने खर्च वाचवायला काढून टाकलेली, म्हणून मशीन चालू झालं की दर वेळी ड्रायव्हरने ती फाइल चिपमधे भरायची. तेच फर्मवेअर. ते कंपनीच्या मालकीचं, वाटायला परवानगी नाही, म्हणून एफडब्ल्यूकटर नावाच्या टूलने कंपनीच्याच ड्रायव्हरमधनं कापून काढायचं. आणि हे सगळं डाउनलोड करायला नेट पाहिजे, जे नाहीये. मी म्हापशाच्या सायबर कॅफेतनं पेनड्राइव्हवर फाइली घेऊन घरी यायचो, एखादं पॅकेज राहिलेलं असायचं की परत बसने म्हापशाला.

डेबियन ही लिनक्सचीच एक आवृत्ती, ती बनवणाऱ्यांचा निर्णय इथेच येतो, आणि त्यावरचं भांडण अजून मिटलेलं नाही. त्यांच्या ‘सामाजिक करारा’त मोकळ्या, म्हणजे कोड कोणालाही बघता-बदलता येईल अशा, सॉफ्टवेअरचं वचन आहे, म्हणून २०११ च्या आवृत्तीत कर्नलमधनं असलं बंद फर्मवेअर पूर्ण बाहेर काढलं गेलं. तत्त्व म्हणून हे बरोबर होतं, कंपन्यांवर दबाव राहावा असं त्यांना वाटत होतं आणि दबावाने काही मिळालंही, एआर९२७१ या यूएसबी चिपचं फर्मवेअर २०१३ मधे मोकळं झालं. पण मला यात एक गोष्ट कधीच पटली नाही. तोच बंद प्रोग्राम कारखान्यातच चिपवर कोरलेला असला तर चालतो आणि फाइल म्हणून आला तर नाही, यात वापरणाऱ्याचं स्वातंत्र्य कुठे वाढलं? त्याला फक्त इन्स्टॉलरच्या मधोमध अडकायला झालं. फर्मवेअर घातलेल्या अनधिकृत सीडी होत्या, पण त्या माहीत असणाऱ्यालाच सापडायच्या. शेवटी २०२२ मधे सभासदांनी मतदान केलं, करार बदलायला विरोधी मतांच्या तिप्पट मतं लागतात, ती मिळाली, आणि २०२३ च्या डेबियन १२ पासून फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमधेच येतं. विरोधकांची किमान मागणी होती की एक निव्वळ मोकळी प्रतही ठेवा, ती मागणी वाईट नव्हती, पण निर्णय दहा वर्षं आधी व्हायला हवा होता.

मधल्या काळात ब्रॉडकॉमने २०१० मधे मोकळा ड्रायव्हर दिला, पण तो थोड्याच नव्या चिप्ससाठी, जुन्या मशीनवाल्यांना काहीच नाही. २०१३ पासून सिस्टिमडीमुळे (लिनक्स सुरू होताना बाकीचे प्रोग्राम चालू करणारा भाग) वायफाय कार्डाचं डब्ल्यूलॅन० हे नाव डब्ल्यूएलपी३एस० सारखं झालं आणि जुन्या सूचना आंधळेपणाने टाइप करणारे अडकले.

आता डेस्कटॉपला बरेच जण डोंगल, म्हणजे यूएसबीत खोचायचं वायफाय कार्ड, लावतात, तिथे दुखणी वेगळी. काही डोंगल लावल्यावर आधी सीडी ड्राइव्ह म्हणून दिसतात, त्यांना यूएसबी मोडस्विच नावाचं टूल लागतं. यूएसबी ३ पोर्टमधनं निघणाऱ्या रेडिओ लहरींच्या गोंगाटाने २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल दबतो, साधी एक्स्टेन्शन केबल लावून डोंगल लांब नेला की फरक पडतो. आणि आपल्या जुन्या घरांच्या चिऱ्यांच्या जाड भिंतींतनं ५ गिगाहर्ट्झ नीट जातच नाही, त्याला लिनक्स काय करणार.

म्हणून आधी डीमेसेज ही कमांड चालवून कर्नलचे निरोप बघा. फर्मवेअर लोड करताना ‘एरर -२’ दिसला तर ड्रायव्हर आहे, फाइल सापडत नाहीये. आणि कार्ड डोंगल नसून मशीनच्या आत बसवलेलं असेल, आणि एलएसपीसीआय -के या कमांडमधे त्याच्या खाली ड्रायव्हर वापरात असल्याची ओळच नसेल, तर तेव्हा खरंच ड्रायव्हर नसण्याची शक्यता असते.