बी धरते कसे? फलनाच्या शोधामागची दोन शतके

नराची आणि मादीची पेशी एकत्र येते, दोन केंद्रकांचे मिलन होते आणि नवा जीव आकार घेऊ लागतो. शाळेच्या पुस्तकात फलनाची ही गोष्ट चार ओळींत आटोपते. पण डेल्फ्टचा कापडव्यापारी लेवेनहूक याने शुक्रजंतू पहिल्यांदा पाहिले ते 1677 साली, आणि ते अंडपेशीत शिरून नेमके काय करतात हे कळायला 1876 उजाडले. मधली दोनशे वर्षे सूक्ष्मदर्शक होते, हुशार माणसेही होती. अडले होते ते प्रश्नापाशी, असे मला वाटते. जीव आईकडून येतो की बापाकडून, यावरच वाद चालला होता. एक पक्ष म्हणे, अंड्यात पूर्ण घडलेला सूक्ष्म जीव आधीच असतो. दुसरा म्हणे, तो शुक्रजंतूत असतो. दोघांचाही वाटा असेल, हे फार थोड्यांना सुचले.

वनस्पतींच्या बाबतीत शेतकरी विद्वानांच्या पुढे होते. खजुराच्या मादी झाडावर नर फुलोऱ्याचे पराग टाकायची रीत मेसोपोटेमियात प्राचीन काळापासून होती. प्रयोगाने सिद्ध करण्याचे काम 1694 मध्ये ट्यूबिंगेनच्या कॅमेरेरियसने केले. आपल्याकडे बांधावर उगवतो तो एरंड त्याने घेतला. एरंडाच्या घोसात मादी फुले वर आणि नर फुले खाली असतात. नर फुलांच्या कळ्या उमलण्याआधीच त्याने खुडून टाकल्या. बोंडे आली, पण आत बी भरलेच नाही. इतका स्वच्छ प्रयोग त्या काळात दुसरा क्वचितच सापडेल.

प्राण्यांकडे इतकी सरळ वाट नव्हती, कारण बहुतेकांचे फलन शरीराच्या आत होते. म्हणून इटलीतल्या स्पालांझानीने 18व्या शतकात बेडूक निवडला. त्याची अंडी पाण्यात, शरीराबाहेर फळतात. त्याने नर बेडकांना घट्ट बसणाऱ्या चिमुकल्या चड्ड्या शिवून घातल्या. मादीने घातलेली अंडी सडून गेली. चड्डीत साचलेला द्रव काही अंड्यांना लावला, तर त्यातून बेडकाची पिल्ले निघाली. पुढे त्याने वीर्य टीपकागदातून गाळले. गाळून आलेल्या द्रवात फलनाची ताकद उरली नाही. कागदावर राहिलेला साका पाण्यात कालवला, तर त्यात ती होती. उत्तर समोर होते, तरीही शुक्रजंतूंमुळे फलन होते हे त्याने मानले नाही. सूक्ष्म जीव अंड्यातच असतो, या पक्षाचा तो होता. पक्की समजूत स्वतःच्याच प्रयोगावर कशी मात करते, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

गाठ सुटू लागली 1824 च्या सुमारास. प्रेव्हो आणि द्यूमा यांनी जिनिव्हात गाळण्याचा प्रयोग पुन्हा करून शुक्रजंतूंना त्यांचे श्रेय दिले. त्याच सुमारास आमिची या इटालियन शास्त्रज्ञाने घोळाच्या फुलाची कुक्षी, म्हणजे पराग झेलणारे टोक, सूक्ष्मदर्शकाखाली धरली होती. घोळ म्हणजे आपण भाजी करतो तीच. त्याच्या डोळ्यांदेखत एका परागकणातून बारीक नळी बाहेर आली. ही परागनलिका थेट बीजांडापर्यंत, म्हणजे ज्याचे पुढे बी होते त्या भागापर्यंत, पोहोचते, हे त्याने पुढच्या काही वर्षांत दाखवले. दरम्यान 1827 मध्ये फॉन बेअरला कुत्रीच्या अंडाशयात सस्तन प्राण्याची अंडपेशी सापडली.

शेवटचा टप्पा सी अर्चिन या काटेरी सागरी प्राण्यामुळे गाठता आला. त्याची अंडी पारदर्शक असतात आणि समुद्राच्या पाण्यातच फळतात. भूमध्य समुद्रावर काम करताना ऑस्कर हर्टविगला त्यात दोन केंद्रके जवळ येऊन एक होताना दिसली. हे त्याने 1876 मध्ये प्रसिद्ध केले. सपुष्प वनस्पतींत केंद्रकांचे असेच मिलन होते, हे श्ट्रासबुर्गरने 1884 मध्ये दाखवले. वनस्पतींची एक खास गोष्ट मात्र अजून बाकी होती. 1898 मध्ये नवाशिनला लिलीच्या कुळातल्या फुलांत आढळले की परागनलिकेतून दोन पुंपेशी, म्हणजे नर पेशी, येतात. एक अंडपेशीला मिळून भ्रूण बनवते, दुसरी बीजांडातल्या मधल्या दोन केंद्रकांशी मिळून भ्रूणपोष, म्हणजे भ्रूणाचे अन्न, तयार करते. शहाळ्याचे पाणी आणि खोबरे हा असाच भ्रूणपोष.

पाहून झाल्यावर माणूस हे घडवूनही आणू लागला. 1959 मध्ये एम. सी. चँग यांनी शरीराबाहेर फळवलेल्या अंड्यांपासून सशाची पिल्ले जन्माला आणली. 1962 मध्ये दिल्ली विद्यापीठात कुसुम कांता, रंगस्वामी आणि पंचानन माहेश्वरी यांनी अफूच्या बीजांडांचे फलन परीक्षानळीत करून दाखवले. 1978 च्या जुलैत इंग्लंडमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये कोलकात्यात टेस्ट ट्यूब बाळे जन्मली. कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखर्जींचा दावा मात्र सरकारी समितीने फेटाळला. त्यानंतर 1986 च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून जन्मलेले बाळ भारतातले पहिले म्हणून नोंदले गेले. या मुंबईच्या कामातले शास्त्रज्ञ डॉ. टी. सी. आनंदकुमार यांनीच पुढे मुखर्जींच्या नोंदी तपासल्या आणि 1997 मध्ये पहिलेपणाचा मान मुखर्जींचा असल्याचे जाहीर केले. मुखर्जींनी 1981 मध्येच आत्महत्या केली होती.