पॅलचे रंग 625 रेषांमुळे चांगले?

‘आपल्याकडे पॅल, 625 रेषा. अमेरिकेत एनटीएससी, 525 रेषा. म्हणून आपले रंग सरस’ हे वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय. पॅल आणि एनटीएससी म्हणजे डिजिटलपूर्व काळातल्या टीव्हीच्या रंगपद्धती; रेषा म्हणजे ज्यांनी पडद्यावरचं चित्र बनतं त्या आडव्या ओळी. आकडे बरोबर आहेत, ‘म्हणून’ चुकीचं आहे.

मुंबईत 1972 साली टीव्ही आला तो कृष्णधवल. रेषा तेव्हाही 625च होत्या. रंग 1982 मध्ये आले. उलट ब्राझीलने पॅलचे रंग घेतले ते 525 रेषांवर. म्हणजे रेषा वेगळ्या, रंगपद्धत वेगळी.

रेषा जास्त म्हणजे उभ्या दिशेने बारकावे जास्त, इतकंच. त्यातही 625 पैकी साधारण 575 रेषांवरच चित्र असतं.

पॅलची खरी करामत निराळी. रंगाच्या लहरीचा एक घटक ती दर रेषेआड उलटा करते. वाटेत रंग बिघडला, तर लागोपाठच्या दोन रेषांतल्या चुका एकमेकींना खोडतात. रंग किंचित फिका होतो, पण चेहरा हिरवा पडत नाही. एनटीएससीत ही सोय नव्हती, म्हणून तिकडच्या संचांवर रंगछटा हाताने जुळवायचं ‘टिंट’चं बटण असे.

घरी जुना पिक्चर ट्यूबवाला टीव्ही असेल तर मेनू उघडा. बऱ्याच संचांत ‘टिंट’ फक्त एनटीएससी डीव्हीडी लावल्यावरच चालू होतो.